नाताळचा पक्षी कोणता?



नाताळचा सण जवळ आला म्हणजे शहरांतून खेड्यांत जी शुभेच्छापत्रे येतात, त्यांवर पुष्कळदा एक लहानसा, गुबगुबीत, तांबड्या छातीचा पक्षी बसलेला आढळतो. त्याच्या पायांखाली बर्फ असते व भोवती आपल्या मुलखात न उगवणाऱ्या झाडाची काटेरी पाने असतात. शब्बाथ शाळेतील एखादे मूल ते चित्र हाती धरून विचारते, "मास्तर, हा पक्षी प्रभूच्या गव्हाणीपाशी होता काय?" प्रश्न मुलाचा आहे, परंतु जो उपदेशक त्याचे उत्तर विचारपूर्वक देऊ लागेल त्यास तो लहान वाटणार नाही.

कारण ह्या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न दडलेले आहेत. अमुक पक्षी पवित्र सणाचा व अमुक नव्हे, हे ठरविले कोणी? जी गोष्ट शास्त्रात नाही पण ऐकावयास गोड आहे, ती मुलांस सांगावी की सांगू नये? आणि केवळ एखाद्या कथेच्या आधाराने एका जीवास मान देणे व दुसऱ्यास शासन करणे, हे न्यायाचे आहे काय? ह्यांतील तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे, व तो पक्ष्यांपुरताच राहत नाही हे पुढे दिसून येईल.

प्रथम आपल्या पवन मावळाकडे पाहू. तिकोणा पेठेत नाताळ येतो तेव्हा भाताची कापणी व झोडणी आटोपलेली असते, खाचरे रिकामी पडलेली असतात, व पहाटेची थंडी पडते खरी, पण बर्फाचे नाव नसते. पवना धरणाच्या काठी शेपटी खालीवर हलवीत धोबी पक्षी फिरत असतो. तो उत्तरेकडून आलेला हिवाळ्याचा पाहुणा आहे. तिकोणा किल्ल्याच्या कड्यांत पारवे घुमतात, अंगणात चिमण्या दाणे टिपतात, परसात कोंबडा आरवतो, व रात्री वडाच्या ढोलीतून घुबड बोलते. चित्रातील तांबड्या छातीचा पक्षी मात्र येथे कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. मग आमच्या मंडळ्यांनी नाताळचा पक्षी म्हणून परक्या देशाचा पक्षी उसना घ्यावा काय, की आमच्या कड्यांवरच असा एखादा पक्षी आहे?

शास्त्राचा शोध प्रथम घेणे योग्य. ख्रिस्तजन्माचा वृत्तांत मत्तय व लूक ह्या दोनच शुभवर्तमानांत आहे. तो आरंभापासून शेवटपर्यंत वाचून पाहावा. त्यात तारा आहे, मागी लोक आहेत, मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत, गव्हाण आहे. परंतु जन्माच्या रात्री तेथे एकही पक्षी असल्याचा उल्लेख नाही. इतकेच नव्हे, तर चित्रांत नेहमी दिसणारे बैल व गाढव हेही त्या वृत्तांतात नाहीत. यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायात धन्याची गव्हाण ओळखणाऱ्या ह्या जनावरांचा जो उल्लेख आहे, त्यावरून ती मागाहून चित्रांत आली. पक्ष्यांची एकच जोडी त्या वृत्तांतात येते, व तीही जन्मानंतर चाळीस दिवसांनी. तिच्याकडे आपण शेवटी वळू. तत्पूर्वी इतर पक्षी कोठून आले ते पाहिले पाहिजे.

तो तांबड्या छातीचा पक्षी म्हणजे इंग्लंडातील रॉबिन. त्याची छाती खरे पाहता नारिंगी आहे. परंतु इंग्रजी भाषेत सोळाव्या शतकापर्यंत त्या रंगास स्वतंत्र नाव रूढ नसल्यामुळे त्यास तांबड्या छातीचा म्हणण्याची वहिवाट पडली, व ती आजवर टिकली. त्या थंड देशात हिवाळ्यात झाडांची पाने गळून जातात, पुष्कळसे पक्षी दक्षिणेकडे निघून जातात, व जे राहतात तेही बहुधा मुके होतात. अशा दिवसांत रॉबिन घराजवळ राहतो, माळ्याच्या फावड्याखालून निघणारे किडे टिपावयास निर्भयपणे जवळ येतो, आणि डिसेंबर महिन्यातही गातो. ह्या पक्ष्यात नर व मादी दोघेही हिवाळ्यात आपापल्या चाऱ्याची जागा राखितात, व ती राखण्यासाठी दोघेही गातात. सगळीकडे शुकशुकाट असता जो एक गातो, त्याचे लोकांस कौतुक वाटावे ह्यात नवल नाही.

दुसरे कारण टपालाचे आहे. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली, व १८४३ साली हेन्री कोल ह्या गृहस्थांनी नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र काढविले. त्या काळी तेथील टपालवाल्यांचा अंगरखा तांबडा असे, म्हणून लोक त्यांना थट्टेने रॉबिन म्हणत. पुढे शुभेच्छापत्रांवर चोचीत पाकीट धरलेला रॉबिन छापू लागले. म्हणजे जो पक्षी आज नाताळचा म्हणून जगभर मिरवितो, त्याचे अर्धे श्रेय हवामानास व अर्धे टपालखात्यास आहे. आपल्या देशात आलेल्या इंग्रजांनीही घरच्या आठवणीने आपल्या चीरकास इंडियन रॉबिन हे नाव दिले. मात्र चीरकाची तांबूस खूण छातीवर नसून शेपटीखाली असते.

अशा आवडत्या पक्ष्याभोवती कथा गुंफल्या जाणारच. एक कथा अशी की, बेथलेहेमच्या गोठ्यात विस्तव विझत आला असता ह्या पक्ष्याने पंखांनी वारा घालून तो पेटता ठेविला, व त्या झळीने त्याची छाती भाजून तांबडी झाली. दुसरी कथा अशी की, वधस्तंभावर प्रभूच्या मस्तकातील काटे त्याने चोचीने उपसले, व रक्ताचा थेंब त्याच्या छातीवर पडला. वाचकांनी लक्षात घ्यावे की एकाच छातीच्या रंगास येथे दोन निरनिराळी कारणे दिलेली आहेत. दोन्ही कथा प्रेमळ आहेत. पण प्रेमळपणा म्हणजे पुरावा नव्हे.

काही पक्षी नाताळशी जोडले गेले ते केवळ ताटातून, व त्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. युरोपात हिवाळ्याच्या तोंडी हंसाच्या जातीचे पाळीव पक्षी पुष्ट झालेले असत, म्हणून ते सणास कापीत. टर्की हा तर मूळचा अमेरिकेतील पक्षी. तो सोळाव्या शतकात युरोपात गेला व हळूहळू श्रीमंतांच्या पानात बसला. आपल्या देशात तो गोव्यावरून आला. मुकर्रबखानाने १६१२ साली गोव्याहून आणिलेला टर्की पाहून जहांगीर बादशहास इतके आश्चर्य वाटले की त्याने मन्सूर नामक चित्रकाराकडून त्याचे चित्र काढविले. बादशहास तो पक्षी पाहण्याजोगा वाटला, एवढे मात्र त्याच्या बाजूने बोलले पाहिजे.

कोंबड्याची गोष्ट निराळी. पोर्तुगीज भाषेत नाताळच्या मध्यरात्रीच्या उपासनेस जे नाव आहे त्याचा अर्थच कोंबड्याची उपासना असा होतो, व गोव्याच्या ख्रिस्ती लोकांस ते नाव परिचयाचे आहे. ख्रिस्तजन्माची वार्ता प्रथम कोंबड्याने आरवून दिली, अशी लोककथा युरोपात अनेक ठिकाणी सांगतात. शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात, नाताळच्या दिवसांत कोंबडा रात्रभर आरवतो व भुतेखेते फिरकत नाहीत, असा समज एक पात्र बोलून दाखविते. हे शास्त्रातले नव्हे; पण ह्याच्या मुळाशी जो अनुभव आहे तो आपणा खेडवळांस नवा नाही. घड्याळे नव्हती तेव्हा कोंबडाच उजेडाचा निरोप देत असे. कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही, ही आपली म्हण हेच सांगते की, उजेड आणणारा कोंबडा नव्हे. तो उजेडाचा केवळ साक्षीदार आहे. आणि शुभवर्तमानात कोंबड्याचे खरे स्थान कोणते? पेत्राने तीन वेळा नाकारल्यावर जो आरवला, व ज्याचा आवाज ऐकून तो बाहेर जाऊन रडला, तो कोंबडा. नवसाचा कोंबडा देवापुढे कापण्याची रीत ज्या घरांनी सोडिली आहे, त्यांनी आपल्या परसातील कोंबड्याचे हे काम लक्षात ठेवावे. मरून आमचे पाप झाकणे हे त्याचे काम नव्हे. आम्हांस जागे करणे हे त्याचे काम आहे.

आता एका क्रूर गोष्टीकडे वळू. आयर्लंड व मॅन बेट ह्या प्रदेशांत रेन नावाचा एक तपकिरी पक्षी आहे. तो आपल्या चिमणीहूनही लहान, वजनाने जेमतेम दहा ग्रॅम. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरास, स्तेफनाचा स्मरणदिन असतो. त्या दिवशी मुले व तरुण काठ्या घेऊन झुडपे झोडपीत, ह्या पक्ष्यास मारीत, व त्याचे प्रेत काठीस बांधून दारोदार पैसे मागत फिरत. असे का? तर कथा अशी की, स्तेफन शत्रूंपासून झुडपात लपला असता ह्या पक्ष्याने ओरडून त्याची जागा दाखवून दिली.

ही कथा प्रेषितांच्या कृत्यांशी ताडून पाहावी. स्तेफन कोठेही लपला नव्हता. तो न्यायसभेपुढे उभा राहिला, सर्वांच्या देखत बोलला, व आपणांस दगडमार करणाऱ्यांसाठी प्रार्थना करीत मेला. म्हणजे कथा खोटी, पक्षी निरपराधी, आणि ज्याने मारणाऱ्यांस क्षमा केली त्याच्याच नावाने ही हत्या. आज आयर्लंडात तो दिवस पाळितात, परंतु खरा पक्षी मारीत नाहीत; काठीवर खोटा पक्षी बांधितात. ती सुधारणा झाली हे चांगलेच. पण त्यापूर्वी किती वर्षे, एका पूर्वजाने केला असे सांगितलेल्या अपराधाबद्दल त्याच्या सर्व वंशास शासन होत राहिले, ह्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

वाचकहो, हा न्याय आपण ओळखीत नाही काय? आपल्यापैकी पुष्कळांच्या आजापणजांस गावकुसाबाहेर ठेविले गेले, त्यांची सावली टाळिली गेली, विहिरीस हात लावू दिला नाही. त्यांनी स्वतः काय केले होते? काहीच नाही. कोणे एके काळी त्यांच्या पूर्वजांनी अथवा त्यांनीच पूर्वजन्मी अमुक केले, अशी कथा मात्र सांगितली जात होती. कथेने ज्यास अपराधी ठरविले, त्यास साक्षीपुराव्याने सुटता येत नाही, कारण कथा कोणत्याही न्यायसभेपुढे उभी राहत नाही. ज्यांनी हे सोसले, त्यांनी तरी दुसऱ्या जीवास ह्याच मापाने मोजू नये.

आणि तरीही आपण मोजितो. घुबड अथवा पिंगळा घरावर बसून ओरडला म्हणजे घरातील कोणी दगावणार, ही समजूत अजून आपल्या वस्त्यांतून गेलेली नाही. मूर्ती टाकिल्या, ताईत तोडिले, पण घुबडावर दगड उचलणारा हात तोच राहिला. वास्तविक घुबड उंदीर खाते. जे उंदीर आमच्या कणगीतील भात फस्त करितात त्यांस ते रात्रभर टिपते. आमची राखण करणाऱ्यास आम्ही अपशकुनी म्हणून मारितो. आयर्लंडातील मुलांस हसण्यापूर्वी आपल्या वडाकडे पाहावे हे बरे.

तर मग कथा सांगूच नयेत काय? काही कडक मनाचे बंधू असे म्हणतात की, जे शास्त्रात लिहिलेले नाही ते सर्व मुलांपासून दूर ठेवावे. त्यांची कळकळ मी समजतो, पण त्यांचे मत मला मान्य नाही. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला तेव्हा त्याने एका गरीब मनुष्याच्या मेंढीची गोष्ट सांगितली. तो मनुष्य व ती मेंढी ह्या जगात कोठेही नव्हती; तरी त्या गोष्टीने राजाचे खरे पाप उघड केले. प्रभूनेही दाखले सांगितले. म्हणून जी घडली नाही अशी गोष्ट सांगणे हे पाप नव्हे. जे घडले नाही त्यास घडले म्हणणे, व जे लिहिले नाही त्यास लिहिले म्हणणे, हे पाप आहे. आपल्या मुलांपैकी एखादे पुढे स्वतः शुभवर्तमान वाचील, त्यात रॉबिन सापडणार नाही, आणि मग ते म्हणेल, मास्तरांनी सांगितलेले हे जसे खोटे निघाले तसे बाकीचेही असेल. गोड कथेचे ऋण असे कडवट होऊन फेडावे लागते.

अर्थ लादण्याचाही मोह आवरला पाहिजे. नाताळच्या बारा दिवसांचे एक जुने इंग्रजी गाणे आहे, त्यात तित्तिर, होले, कोंबड्या, हंस अशा पक्ष्यांची यादी येते. छळाच्या काळात ख्रिस्ती सिद्धांत गुप्तपणे शिकविण्यासाठी ते रचिले होते, असे अलीकडे पुष्कळ ठिकाणी सांगण्यात येते. ह्यास जुना पुरावा काहीच नाही. ते मुलांचे आठवणीच्या खेळाचे गाणे दिसते. खेळास खेळ राहू द्यावे. देवाचे सत्य इतके दुबळे नाही की प्रत्येक गाण्याच्या खिशात ते चोरून घालावे लागेल.

माझ्या मते उपदेशकांनी प्रत्येक कथेस दोन प्रश्न विचारावे. ही कथा म्हणून सांगितली जाते की इतिहास म्हणून? आणि ती ऐकून उठलेले मूल कोणाशी अधिक दयाळू होईल? रॉबिनची कथा, थंड देशातील लोकांची कल्पना म्हणून सांगितली तर, दोन्ही प्रश्नांतून पार पडते. थंडीत कुडकुडणाऱ्या मातेस ऊब द्यावी हे तीतून शिकता येते. रेन पक्ष्याची कथा दोन्हींत नापास होते. घुबडाचीही तशीच.

नाताळाने मनुष्याचा हात पक्ष्यांवरून आवरला गेला, अशीही उदाहरणे आहेत, व ती खेड्यांतील मंडळ्यांस कळावी. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात नाताळच्या दिवशी लोक दोन तुकड्या करून बंदुका घेऊन रानात जात, व ज्या तुकडीने मारलेल्या पक्ष्यांचा व जनावरांचा ढीग मोठा ती जिंकली असे मानीत. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षितज्ज्ञाने सुचविले की, ह्या वर्षी पक्षी मारण्याऐवजी मोजू या. १९०० सालच्या २५ डिसेंबरास २७ जणांनी २५ ठिकाणी पक्षी मोजिले. ती गणती आजतागायत दरवर्षी चालू आहे, व तिच्यात सहस्रावधी लोक भाग घेतात. दिवस तोच, रान तेच, पक्षी तेच; पण बंदुकीच्या जागी वही आली. नॉर्वे देशातील शेतकरी तर ह्याहून जुनी एक रीत पाळितात. नाताळास ते न झोडलेल्या धान्याची एक पेंढी काठीस बांधून अंगणात उभी करितात, ती पक्ष्यांसाठी. बर्फात दाणा मिळत नाही, म्हणून सणाच्या दिवशी पाखरांचेही पान मांडावयाचे.

आपल्या मराठी मंडळीसही ह्या बाबतीत कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांची, घायाळ होऊनही घरट्यातील पिलांकडे धडपडत जाणाऱ्या पक्षिणीची कविता महाराष्ट्रातील मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकल्या आहेत. ख्रिस्ती व अख्रिस्ती, दोघांच्याही डोळ्यांत तिने पाणी आणिले. ती कविता वाचून ज्याने गलोल खाली ठेविली, असा एक जरी मुलगा निघाला असेल, तरी तिचे सार्थक झाले असे मी म्हणेन.

आता त्या एका जोडीकडे येऊ, जी खरोखर शास्त्रात आहे. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील नियमाप्रमाणे, मुलगा झाल्यावर चाळीस दिवस पुरे झाले म्हणजे आईने एक कोकरू व एक होला अथवा पारव्याचे पिलू अर्पण करावयाचे असे. पण तेथेच एक सवलत लिहिली आहे: जिला कोकराची ऐपत नाही तिने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावी. लूक सांगतो की येशूची आई यरुशलेमेस गेली ती कोकरू घेऊन नव्हे, तर ही जोडी घेऊन. लूक तिची गरिबी शब्दाने सांगत नाही. फक्त काय आणिले तेवढेच सांगतो, आणि ज्यास नियमशास्त्र ठाऊक आहे त्यास सर्व कळते. कोणी विचारील, मागी लोकांनी सोने दिले होते ना? मागी लोक ह्यानंतर आले असावे, असे पुष्कळ भाष्यकारांचे मत आहे. मंदिराच्या दाराशी ती आली तेव्हा तिच्या हाती पाखरेच होती.

ह्या पाखरांचाही बाजार होता. यहूदी लोकांच्या मिश्ना नामक ग्रंथात नमूद आहे की, यरुशलेमेत एकदा अशा जोडीचा भाव सोन्याच्या एका दिनारापर्यंत चढला. तेव्हा शिमोन बेन गमलियेल ह्या गुरूने शपथ वाहिली की, भाव चांदीच्या दिनारावर आल्याशिवाय मी आज झोपणार नाही. सोन्याचा एक दिनार म्हणजे चांदीचे पंचवीस. त्याने सभेत असा निर्णय दिला की, पाच बाळंतपणांची अर्पणे राहिलेल्या स्त्रीने एकच जोडी आणिली तरी पुरे. मागणी घटली, व त्याच दिवशी भाव चांदीच्या एका दिनाराच्याही खाली आला. नियम पाळू पाहणाऱ्या गरीब बायांस व्यापारी कसे नाडीत, आणि एक न्यायी मनुष्य मनात आणील तर एका दिवसात काय करू शकतो, हे दोन्ही ह्यातून दिसते.

आणि ज्या बाळासाठी ती जोडी विकत घेतली, त्याने पुढे मोठेपणी काय केले? तो त्याच मंदिरात आला, व पारवे विकणाऱ्यांच्या बैठका त्याने उलथून टाकिल्या. तेथे इतरही व्यापारी होते. पण पारवे विकणाऱ्यांचा उल्लेख शुभवर्तमानांत वेगळा केलेला आहे. ते गरिबाचे अर्पण विकीत होते. ज्याच्या आईने त्या रांगेत उभे राहून पैसे मोजले होते, त्यास त्या बैठका ठाऊक होत्या असे मी समजतो. चिमण्यांविषयीही तो असेच बोलला. त्याच्या काळी बाजारात दोन चिमण्या एका नाण्यास मिळत, आणि दोन नाणी दिली तर पाच मिळत. पाचवी वरकड, फुकट घातलेली. त्याने सांगितले की देव त्या पाचवीसही विसरत नाही.

तर हा आहे शास्त्राचा नाताळचा पक्षी. तो सुंदर आहे म्हणून नव्हे, गातो म्हणून नव्हे, व त्याने काही पराक्रम केला म्हणूनही नव्हे, तर ज्या आईस अधिक देता आले नाही तिच्या हाती तो होता म्हणून. आणि आनंदाची गोष्ट अशी की, तो शोधावयास परदेशी जावे लागत नाही. यरुशलेमेच्या बाजारात ज्यांची पिले विकीत ते पारवे, व तिकोणा किल्ल्याच्या कड्यांत घुमणारे पारवे, हे एकाच जातीचे आहेत. भूमध्य समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या खडकांत ही जात पुरातन काळापासून वस्ती करून आहे. मुलाने विचारिले तर त्या कड्याकडे बोट दाखवून निःशंकपणे सांगावे.

परंतु बोट दाखवून आपले काम संपत नाही. नाताळच्या उपासनेत पुष्कळ मंडळ्यांत देणगीदारांची नावे व रकमा मोठ्याने वाचून दाखवितात. ज्याने हजार दिले त्याचे नाव आधी, ज्याने दहा दिले त्याचे शेवटी, आणि जिने लुगड्याच्या गाठीतून दोन नाणी सोडून दिली तिचे नाव वाचताना कोणी तरी हसतो. पुढल्या वर्षी ती बाई आजारी असल्याचा निरोप पाठविते. तिला आजार कसला झाला हे आपण जाणतो. नियमशास्त्राने गरिबाच्या अर्पणास वेगळी जागा दिली, पण कमी जागा दिली नाही; पापार्पणाच्या बाबतीत तर ज्यास पाखरांचीही ऐपत नाही त्याचे थोडे पीठही याजकाने घ्यावे असे सांगितले. मोशेच्या मंदिरात जिला लाज वाटली नसती, तिला ख्रिस्ताच्या मंदिरात लाज वाटावी, हे आपणांस शोभते काय?

काही बंधू म्हणतील की नावे वाचली नाहीत तर देणगी घटेल, व पाळकाचा पगार व छपराची डागडुजी राहून जाईल. ही भीती पोकळ नाही. कित्येक लहान मंडळ्यांचा खर्च अशाच मोठ्या देणग्यांवर चालतो, व ज्यांनी मोकळ्या हाताने दिले त्यांचे आभार मानणे हा शिष्टाचार आहे. पण आभार घरी जाऊन मानता येतात, हिशेब वर्षअखेरीस एकत्र मांडता येतो, आणि नाताळच्या दिवशी एक झाकलेली पेटी सर्वांपुढून फिरविता येते. रक्कम दोनपाचशेने कमी भरली, तरी जी बाई घरी बसत होती ती आत येऊन बसली, तर त्या मंडळीचे नुकसान झाले असे मी म्हणणार नाही.

म्हणून मावळातील मंडळ्यांस माझी विनंती अशी आहे. ह्या नाताळास प्रार्थनामंदिराच्या अंगणात भाताची एक पेंढी, लोंब्यांसकट, काठीस बांधून पाखरांसाठी उभी करावी. इंद्रायणी असो वा आंबेमोहोर, एका पेंढीने कोणाचे कोठार रिते होत नाही. मुलांनी त्या दिवशी गलोली घरी ठेवाव्या, व किती जातीचे पक्षी येतात ते मोजावे. वडावरच्या घुबडास कोणी दगड मारू नये. आणि अर्पणाच्या वेळी कारभाऱ्यांनी पेटी झाकलेली ठेवावी, म्हणजे कोकरू आणणारा कोण व पारव्यांची जोडी आणणारी कोण, हे ज्याने जाणावे त्यानेच जाणावे.